नाव चोरबाहुली असेल, तर चोरबाहुलीच लिहा

महोदय,

नागपूरहून जबलपूरकडे निघाले की मनसरच्या पुढे, देवलापारच्या अलीकडे चोरबाहुली नावाचे लहानसे गाव लागते. पेंच व्याघ्र प्रकल्पाचे एक प्रवेशद्वार तिथे असल्याने पाटीपाशी गाड्या थांबतात, फोटो निघतो, आणि कुणीतरी म्हणतोच, “असं कुठं नाव असते का? बदलून टाकायला पाहिजे.” उमरेड तालुक्यातला मकरधोकडा, मौद्यातली कोदामेंढी, हिंगण्यातले कान्होलीबारा, काटोल रस्त्यावरचे जुनापाणी, शहराच्या पोटात गेलेली झिंगाबाई टाकळी, या सगळ्यांच्याच वाट्याला हा शेरा कधी ना कधी येतो.

आमचे म्हणणे उलट आहे. नाव बदलू नका, ते एकदा नीट लिहून घ्या. कुणी ठराव करो न करो, ही नावे कागदावर रोज थोडी थोडी बदलतच आहेत, आणि त्याचा भुर्दंड गावातल्या माणसाला तहसीलपासून जात पडताळणी समितीपर्यंत भरावा लागतो. जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तेव्हा जे नाव यादीत बसेल ते पुढची दहा वर्षे तरी हलणार नाही, म्हणून हे लांबलचक पत्र.

बिघाडाची सुरुवात जुनी आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होते, त्याआधी मध्य प्रांताची. दप्तरात मराठी आणि हिंदी दोन्ही चालत. हिंदी वळणाचा हात ळ चा ल करी आणि ण चा न. त्यातून मांढळचे ‘मांढल’ झाले, टाकळीची ‘टाकली’. इंग्रज अंमलदाराला उमरेडमधला ड हा हिंदी ‘ड़’ सारखा, र च्या जवळचा ऐकू आला, आणि त्याने रोमनमध्ये ‘आर’ हे अक्षर घातले. रेल्वेच्या रोमन नावांत उमरेड म्हणूनच ‘उमरेर’ आहे आणि नरखेड ‘नरखेर’. सावनेर आणि पारशिवनीतला व गळून तिथे ‘ओ’ आला. इथवर फारसे बिघडले नव्हते, कारण रोमन वाचणाऱ्याला मूळ नाव तोंडपाठ होते. घात झाला तो संगणकाने उलटा प्रवास सुरू केल्यावर. रोमन यादी हाताशी धरून यंत्राने देवनागरी नावे पाडली, की ‘साओनेर’, ‘पारसेओनी’, ‘नरखेर’ असले प्रकार तयार होतात. तालुक्याचे गाव असेल तर कुणाच्या तरी डोळ्यांत खुपते आणि दुरुस्त होते. तीस घरांच्या टोलीचे, म्हणजे मूळ गावापासून वेगळ्या छोट्या वस्तीचे, नाव असे बिघडले तर ते पाहायला त्या तीस घरांखेरीज कोण बसले आहे?

नाव तपासण्याची एक कसोटी मराठीतच आहे. नावाला ‘ला’ लावून बोलायला सांगा. हिंगण्याला, मौद्याला, मोहप्याला, जामठ्याला. पण कोंढाळीला, बुटीबोरीला, काटोलला. शेवटचा स्वर कोणता हे सामान्यरूपात लपत नाही. नाव एका शब्दात की दोन, हेही त्यातून कळते. गावकरी ‘जुनापाणीला जातो’ म्हणत असेल, ‘जुन्या पाण्याला’ म्हणत नसेल, तर तो एकच शब्द आहे आणि एकच लिहायचा. मध्ये मोकळी जागा सोडली की संगणकाच्या लेखी ते दुसरे गाव होते, आणि शोधताना ‘नोंद आढळली नाही’ असे उत्तर येते. मात्र ही कसोटी न–ण आणि ळ साठी वापरू नये. आपल्याकडच्या बोलीत पाण्याचे ‘पानी’ आणि डोळ्याचा ‘डोया’ सर्रास होतो. तोंडचा उच्चार इथे फसवतो. त्यासाठी जुना देवनागरी कागदच पाहावा लागतो.

दुसरा बिघाड कंसाचा. टाकळी, खैरी, सावरगाव, खापा, गोधनी ही नावे जिल्ह्यात ठिकठिकाणी आहेत. ती वेगळी ओळखू यावीत म्हणून जुन्या लोकांनी शेपूट जोडले : खुर्द आणि बुद्रुक (फारसीतले लहान आणि थोर), नाहीतर मालगुजाराचे (गावाचा सारा भरणाऱ्या जुन्या जमीनमालकाचे) आडनाव, शेजारच्या गावाचे नाव, एखादी ठळक खूण. खैरी (पन्नासे), दहेगाव (रंगारी), सोनेगाव (निपाणी), गोधनी (रेल्वे), पिपळा (डाकबंगला). बाहेरच्याला हे विनोदी वाटते. डाकबंगला हे काय गावाचे नाव झाले? पण पत्र पोचवणाऱ्याला आणि मोजणीला निघालेल्या भूकरमापकाला त्या कंसाशिवाय चालत नाही. नेमका हाच कंस आधी गळतो. संगणकाच्या रकान्यात अक्षरांची मर्यादा असते, कंस चालत नाही, किंवा यादी एका कार्यालयातून दुसऱ्यात जाताना कुणीतरी ‘साफ’ करतो. मग एकाच तालुक्यात दोन ‘खैरी’ उरतात. एकीचे अनुदान दुसरीच्या नावावर दिसते आणि दोन्हीकडचे सरपंच पंचायत समितीत हेलपाटे घालतात. उपाय साधा आहे. कंस काढायचाच असेल तर आतला शब्द ठेवा : खैरी पन्नासे, पिपळा डाकबंगला.

कंसातला सगळ्यांत दुर्दैवी शब्द म्हणजे ‘रिठी’. मौजा (महसुली गाव) आहे, शेते आहेत, सातबारा निघतो, पण वस्ती नाही, ते गाव रिठी. राज्यात इतरत्र त्याला बेचिराख म्हणतात. मूळ शब्द बे-चिराग, जिथे दिवा लागत नाही तो. पाणी आटणे, रोगाची साथ, पूर, तलाव फुटणे, नाहीतर वस्ती सोयीच्या जागी सरकणे, अशी कारणे गावागणिक वेगळी असतात. रिठीच्या नोंदीत दोन उलट चुका होतात. एक, शब्द गळतो आणि ओसाड मौजा कागदावर नांदते गाव बनतो. शेजारी त्याच नावाचे खरे गाव असेल तर दोघांची सरमिसळ ठरलेली. दुसरी चूक जास्त वाईट. ‘रिठी’ शब्द तसाच राहतो, पण शेतावर दहा-पंधरा घरे येऊन राहिलेली असतात. कागद सांगतो वस्ती नाही, म्हणून ती घरे शेजारच्या गावात मोजली जातात किंवा मोजलीच जात नाहीत. प्रगणक आला की अशा घरांनी दोन गोष्टी ठासून सांगाव्यात, मौजाचे नाव आणि आपण ज्या नावाने वस्ती ओळखतो ते नाव. नजरी नकाशावर वस्तीचे नाव लिहिले गेले की नाही, ते तिथेच उभे राहून पाहावे.

गोसीखुर्द प्रकल्पातल्या कुही तालुक्यातील गावांचे आणखी तिसरेच. जुना मौजा पाण्याखाली, नवे गावठाण दुसऱ्याच मौजात, आणि नावापुढे ‘पुनर्वसन’ चिकटलेले. सातबारा एका नावाने, घराचा कर दुसऱ्या नावाने, मतदार यादीत तिसरे. ३० जुलै १९९१ च्या पुरानंतर नरखेड तालुक्यातले मोवाड नव्या जागी वसले, पण नाव तेच राहिले, हे त्यातल्या त्यात शहाणपणाचे झाले.

एका अक्षराने एवढे काय अडते, असे विचारणाऱ्याने जात पडताळणीची फाइल उघडून पाहावी. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त आणि भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांपूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. विदर्भात तो बहुधा कोतवाल पंजीत (कोतवालाच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत) किंवा शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात सापडतो. त्यात आजोबांच्या नावापुढे ‘टाकली’ आणि नातवाच्या दाखल्यावर ‘टाकळी खुर्द’ असले, की हे एकच गाव कशावरून, असा प्रश्न येतो. तो चुकीचाही नाही, कारण खरेच दोन टाकळ्या असू शकतात. आता त्यात गावाचे नाव हौसेने बदलले आहे असे धरा. पुराव्यातले गाव आजच्या कुठल्याच यादीत नाही. दर पिढीतल्या दर मुलाला राजपत्राची प्रत जोडत बसावे लागेल. आणि एक सांगून ठेवतो : जुन्या रजिस्टरात खाडाखोड करून नाव ‘बरोबर’ करू नका, मुख्याध्यापकांना करायलाही लावू नका. खाडाखोड दिसली की पुरावाच संशयात जातो. जुने जसे आहे तसे ठेवून दोन नावे एकाच गावाची असल्याचा वेगळा दाखला घेणे हाच मार्ग.

हे सगळे सुधारायचे कसे? कामाचा क्रम आम्ही असा सुचवतो.

आधी कागद गोळा करावेत. तहसील आणि जिल्हा अभिलेख कक्षात मिसल बंदोबस्त (इंग्रजी अमलातल्या जमीन मोजणी आणि सारा आकारणीचे दप्तर) आणि १९५४–५५ चा अधिकार अभिलेख (जमिनीवरच्या हक्कांची नोंद). तिथेच निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावाच्या सामाईक वापराच्या आणि वहिवाटीच्या हक्कांच्या नोंदी (महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ची कलमे १६१ आणि १६५). यांत टोल्या, बोड्या (लहान तळी), झऱ्या, पांदणी यांची नावे येतात आणि वस्तीचे सर्वांत जुने देवनागरी रूप पुष्कळदा इथेच हाती लागते. भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयातून गाव नकाशा. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० नकाशा (नागपूर शहराचा पत्रक क्रमांक ५५ ओ/४, आपल्या गावाचा आजूबाजूच्या पत्रकात मिळेल). २०११ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेतला गावाचा सहा अंकी क्रमांक (त्या जनगणनेत नागपूर जिल्ह्याचा स्वतंत्र क्रमांक ५०५ आहे). केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेतला गावाचा कोड. हा कोड २०२० च्या सुधारणेपासून सातबाऱ्यावर गावाच्या नावाजवळ छापलेला असतो, वेगळा शोधावा लागत नाही. शेवटी शाखा डाकघराचे नाव आणि पिन.

साध्या फुलस्केप कागदावर पाच रकाने आखावेत : वर्ष, कागद, त्यातले नाव जसेच्या तसे, लिपी, पान क्रमांक. ‘जसेच्या तसे’ यावर आमचा फार भर आहे. उतरवून घेणाऱ्याचा हात नकळत नाव सुधारतो आणि मग चूक कुठल्या वर्षी शिरली ते कळेनासे होते. रोमन लिपीतले नाव देवनागरी शुद्धलेखनाचा पुरावा म्हणून कधीच धरू नये. ते फक्त ‘हेच गाव’ एवढे सिद्ध करते.

मग गावात विचारावे, पण उत्तर न सुचवता. “तुमच्या गावाचे नाव मकरधोकडाच ना?” असे विचारले की हो म्हटले जाते. “मुलगी कुठे दिली म्हणून सांगता?” असे विचारले की खरे नाव खऱ्या रूपात येते. त्या गावात वाढलेल्या आणि बाहेर दिलेल्या म्हाताऱ्या लेकी माहेरचे नाव जुन्या वळणाने बोलतात. पाटी वाचून शिकलेले पोर पाटीसारखे बोलते.

कागद आणि उच्चार जुळले की ठरवायचे : ही लेखनदोषाची दुरुस्ती आहे की नामांतर? मूळ बंदोबस्तात आणि अधिकार अभिलेखात नाव बरोबर असेल आणि चूक नंतरच्या संगणकीय यादीत शिरली असेल, तर ती दुरुस्ती. तहसीलदारांकडे अर्ज करावा. अधिकार अभिलेखातल्या लेखनदोषासाठी संहितेचे कलम १५५ आहेच. सगळ्याच सरकारी कागदांत एक नाव आणि लोकांच्या तोंडी दुसरे असेल, तर मात्र ते कलम ४ खाली राजपत्रातल्या अधिसूचनेचे काम होते आणि मामला लांबतो. अर्जाच्या विषयात ‘नाव बदलणेबाबत’ हे दोन शब्द पडले की साधी दुरुस्तीही नामांतराच्या टेबलावर जाऊन पडते. ‘लेखनदोष दुरुस्तीबाबत’ एवढेच लिहा.

ग्रामसभेचा ठराव जोडावा. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी कमी ती. १८० मतदारांच्या गावात २७ माणसे बसली की झाले. ठरावाचा मजकूर गोलमोल नको. नमुना असा :

“मौजा (देवनागरी नाव), प.ह.नं. (पटवारी हलका नंबर) __, तालुका __, जिल्हा नागपूर, जनगणना क्रमांक __, स्थानिक शासन निर्देशिका कोड __, या गावाचे नाव मिसल बंदोबस्त व सन १९५४–५५ च्या अधिकार अभिलेखात ‘__’ असे असून सध्याच्या यादीत ते ‘__’ असे चुकीने नोंदले गेले आहे. दोन्ही नावे एकाच गावाची आहेत. देवनागरीत ‘__’ आणि रोमन लिपीत ‘__’ याप्रमाणे लेखनदोष दुरुस्त करावा. हा नामांतराचा प्रस्ताव नाही.”

रोमन स्पेलिंग ठरावातच लिहून घ्या, नाहीतर ते पुढचा टंकलेखक ठरवतो. सहा प्रती काढाव्यात : तहसीलदार, भूमी अभिलेख उपअधीक्षक, गटविकास अधिकारी, डाक अधीक्षक, निवडणूक शाखा, आणि पोच घेतलेली एक ग्रामपंचायतीच्या फाइलला. एकाच कार्यालयात दिलेला अर्ज बाकीच्या पाच ठिकाणी आपोआप पोचतो, हा समज सोडावा.

टोलीचे दुखणे वेगळे. टोली, टोला, पार, झरी म्हणून ओळखली जाणारी वस्ती बहुतेक वेळा महसुली गाव नसतेच, दुसऱ्या मौजाचा भाग असते. कलम ४ च्या परंतुकात गावठाणाबाहेरची वेगळी वस्ती किमान ३०० लोकसंख्येची असेल, आणि तहसीलदारापेक्षा कमी दर्जाचा नसलेल्या अधिकाऱ्याने ती मोजली असेल, तर तिला स्वतंत्र गाव करण्याची तरतूद आहे. जनगणनेसाठी प्रशासकीय सीमा ३१ मार्च २०२७ पर्यंत गोठवल्या आहेत, तेव्हा असा प्रस्ताव आता मंजूर व्हायचा नाही. पण कागद तयार ठेवायला हरकत कसली? तीनशेच्या खालच्या टोलीने निदान ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, कर आकारणी नोंदवहीत, घर क्रमांकाच्या वर वस्तीचे नाव चढवून घ्यावे. नोंदवहीत नाव आले की रहिवासी दाखल्यावर येते, तिथून पुढे सरकते. आधारच्या पत्त्यात गावाची यादी पिनवरून उघडते आणि त्यात टोली सापडत नाही. केंद्रावरचा माणूस मग जवळचे दिसेल ते गाव टाकतो. त्याला सांगावे की गावाच्या रकान्यात महसुली मौजा आणि परिसराच्या रकान्यात टोली. १०८ ला फोन करतानाही हाच क्रम : तालुका, मौजा, मग टोली, मग फाटा. टोलीचे नाव आधी सांगितले तर पलीकडचा माणूस यादीत शोधत राहतो, आणि सर्पदंशाच्या वेळी तेवढा वेळ नसतो.

पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आहे, पण तो डाकघराचा क्रमांक आहे, गावाचा नव्हे. ४४११०६ लिहिले की पत्र रामटेकच्या टापूत पोचते, पुढे नावच वाचावे लागते. २०२५ मध्ये डाक खात्याने आणलेला दहा अक्षरांचा डिजिपिन साधारण चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन दाखवतो. चांगली सोय आहे. पण फाट्यावरच्या चहावाल्याला डिजिपिन विचारून बघा.

आता पाटी. इथे दोष बहुतेक वेळा रंगाऱ्याचा नसतो, त्याच्या संगणकाचा असतो. मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप केलेले नाव पाट्या कापणाऱ्याच्या जुन्या आवृत्तीच्या कोरलड्रॉमध्ये चिकटवले, की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर उमटते. ‘पारशिवनी’मधली श ची वेलांटी श च्या उजवीकडे पडते आणि वाचणारा ती व ला जोडतो : पारशविनी. जोडाक्षरे सुटून पायमोडी उघडी पडते, रफार भलत्या अक्षरावर बसतो. जुन्या अक्षरसंचात टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये नेतानाही असेच होते. म्हणून पाटीचे नाव मजकूर म्हणून पाठवू नये. जिथे नीट दिसते तिथे ते चित्रात किंवा पीडीएफमध्ये बदलून पाठवावे. कापण्याआधी कागदावर खऱ्या मापाची छापील प्रत मागावी आणि ती गावातल्या दोघांनी मोठ्याने वाचावी. एकाने वाचून चालत नाही, कारण नाव ठाऊक असलेला डोळा चूक वाचतच नाही. दुसरा वाचणारा शेजारच्या गावचा हवा. अक्षरे ठेंगणी करू नयेत. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर पुढे जाते, आणि देवनागरीत वरच्या मात्रा आणि खालचे उकार यांना जागा ठेवली नाही तर ‘बेला’ आणि ‘बला’ लांबून सारखेच दिसतात. पाटीवर नावाखाली तालुका लिहावा. कंस असेल तर तोही, त्याच आकारात.

राहिला नामांतराचा हट्ट. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या १९५३ पासूनच्या सूचना त्यावर स्पष्ट आहेत. लोकांच्या सवयीचे नाव खास कारणाशिवाय बदलू नये, केवळ स्थानिक अभिमानापोटी किंवा भाषेच्या कारणाने बदलू नये, आणि नवे नाव राज्यात किंवा शेजारी दुसऱ्या गावाचे असू नये. रेल्वे, डाक खाते आणि भारतीय सर्वेक्षण विभाग यांची ना-हरकत लागते. या शेवटच्या अटीत गंमत अशी की ‘शोभिवंत’ म्हणून सुचवली जाणारी नावे, अमुकनगर, तमुकपूर, आधीच डझनावारी असतात. चोरबाहुली मात्र विचारली की लगेच कळते कुठली. वेगळे नाव हाच त्या गावाचा सर्वांत पक्का पत्ता आहे. जातिवाचक वस्तीनावांची गोष्ट निराळी. ती बदलण्याचा राज्य सरकारचा डिसेंबर २०२० चा निर्णय योग्यच आहे आणि तो इथे ओढू नये. माणसाला कमी लेखणारे नाव वेगळे, कानाला अनोळखी वाटणारे वेगळे.

तसेच नावांची घरबसल्या उकल करणेही थांबावे. चारगाव दिसले की चार गावे एकत्र आली असे ठोकून दिले जाते, पण ज्याच्या बियांची चारोळी होते ते चाराचे झाड आपल्या रानात आहे हे विसरले जाते. हिवरा, सालई, मोहगाव, खैरी, सावरगाव यांच्यात झाडे उभी आहेत. डिगडोह, निलडोह, तोतलाडोह यांच्यात पाण्याचे डोह. पेंचच्या बाजूला तर गोंडी ऐकणारा माणूस सोबत हवा. गोंडीत नार म्हणजे गाव, मेट्टा म्हणजे डोंगर, एर म्हणजे पाणी, मारा किंवा मडा म्हणजे झाड. कोलितमारासारखे नाव दिसले की मराठी कान त्यात ‘मारणे’ ऐकतो आणि कुणीतरी लगेच मारामारीची दंतकथा रचतो. गोंडी बोलणाऱ्याला विचारल्याशिवाय अशा नावाला हात लावू नये. चोरबाहुलीतला चोर कोण आणि बाहुली कुठली, हेही छापण्याआधी गावातच विचारलेले बरे.

शेवटची विनंती आपल्यालाच. बातमीत गावाचे नाव आले की पहिल्या उल्लेखात तालुका छापावा. कंसातला शब्द जागा वाचवायला छाटू नये. हिंदी किंवा इंग्रजी वृत्तसंस्थेकडून आलेल्या मजकुरातले गाव देवनागरीत जसेच्या तसे उतरवण्याआधी त्या तालुक्याच्या वार्ताहराला एक फोन करावा. आपल्या उपसंपादकांच्या टेबलावर जिल्ह्याच्या चौदाही तालुक्यांतील गावांची, सामान्यरूपासकट, एक यादी असली तर आमच्यापैकी काही जण ती तपासून द्यायला तयार आहेत. सुरुवात रामटेक, पारशिवनी आणि कुही यांपासून करावी, टोल्या आणि रिठी तिथे जास्त आहेत.

– भूमी अभिलेख, महसूल आणि डाक खात्यांतून निवृत्त झालेले काही कर्मचारी, नागपूर